अजिंठ्याचा नंदभिक्षु आणि त्याच्या तैलप्रती

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांत, सभामंडपाच्या डाव्या भिंतीवर, जें चित्र 'मरणोन्मुख राजकन्या' या नांवानें जगभर प्रसिद्ध झालेलें आहे, त्यांत कोणीहि मरत नाहीं. चित्राचा विषय मृत्यु नसून प्रव्रज्या हा आहे. आणि ज्याची प्रव्रज्या तेथें वर्णिलेली आहे तो भिक्षु त्या प्रसिद्ध भागांत मुळीं दिसतच नाहीं. दिसतो तो केवळ त्याचा मुकुट. विद्वानांस ही गोष्ट आज नवी नाहीं. परंतु मराठी पुस्तकांतून, छापील चित्रांतून व प्रवाशांच्या तोंडून तें जुनें नांव अद्यापि गेलेलें नाहीं. तें आलें कोठून, टिकलें कां, आणि त्या नांवाबरोबर चित्राच्या अर्थांत दुसरें काय काय शिरलें, याचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे. हा विचार आम्ही चित्रकाराच्या दृष्टीनें करीत नाहीं. ती आमची विद्या नव्हे. पोथी तपासणारा मनुष्य ज्या दृष्टीनें एकाच ग्रंथाच्या चार प्रती समोर मांडून बसतो, त्या दृष्टीनें आम्ही तो करीत आहों. आणि या त्रैमासिकाच्या वाचकांस तीच दृष्टि अधिक परिचयाची असेल असें वाटतें.

प्रथम कथा. नंद हा शुद्धोदन व महाप्रजापती गौतमी यांचा पुत्र, म्हणजे बुद्धाचा सावत्र भाऊ. बोधि प्राप्त झाल्यावर बुद्ध कपिलवस्तूस आला तेव्हां नंद आपल्या सुंदरी नांवाच्या पत्नीच्या प्रेमांत आकंठ बुडालेला होता. बुद्ध भिक्षेसाठीं त्याच्या दारीं उभा राहिला. घरांतील कोणाचें लक्ष गेलें नाहीं. तो रिकाम्या पात्रानें परतला. हें कळतांच नंद त्याच्या मागें धांवला. सुंदरीच्या मुखावरील ओली पत्रलेखा वाळण्यापूर्वीं परत येतों असें वचन देऊन तो निघाला, बुद्धानें भिक्षापात्र त्याच्या हातीं दिलें, आणि पात्र हातीं असल्यामुळें त्यास मागें फिरतां येईना. असा तो विहारापर्यंत गेला, आणि मनांत नसतां त्याचें मुंडन झालें. पुढें बुद्धानें त्याला हिमालयांत एक काणी वानरी व नंतर स्वर्गांतील अप्सरा दाखवून त्याचें मन सुंदरीवरून काढलें, आणि अप्सरांवरूनहि काढलें, इत्यादि भाग अश्वघोषाच्या सौंदरनंद काव्यांत सविस्तर आहे.

हें काव्य शतकानुशतकें विद्वानांच्या नजरेआड होतें. महामहोपाध्याय हरप्रसादशास्त्री यांनीं नेपाळांत मिळालेल्या पोथ्यांवरून तें इ. स. १९१० मध्यें प्रसिद्ध केलें, आणि जॉन्स्टन यांची अधिक शुद्ध आवृत्ति १९२८ सालीं निघाली. ग्रिफिथ्सचा अजिंठ्यावरील दोन खंडांचा ग्रंथ १८९६ चा. तेव्हां अश्वघोष न वाचल्याचा दोष त्याजकडे देतां येत नाहीं. परंतु कथा एकट्या अश्वघोषाची नव्हे. पालि वाङ्मयांत ती उदानांत आहे, संगामावचर जातकाच्या प्रस्तावनेंत आहे, आणि धम्मपदाच्या अट्ठकथेंत यमकवग्गाच्या तेराव्या व चौदाव्या गाथांवर ती सांगितलेली आहे. गांधारांतील व नागार्जुनकोंड्याच्या शिल्पांतहि ती कोरलेली सांपडते. म्हणजे बौद्ध विहारांतून ती सर्वांच्या ओळखीची होती. ओळखीची नव्हती ती एकोणिसाव्या शतकांतील चित्रशाळांत.

आतां चित्र. एका मंडपाखालीं मंचकावर एक स्त्री बसलेली आहे. तिची मान कललेली, पापण्या मिटूं लागलेल्या, अंगांतील बळ गेलेलें. मागून एक दासी तिला सांवरून धरते आहे; दुसरी तिच्या मुखाकडे अशा रीतीनें पाहते आहे कीं आतां हिला काय सांगावें हें तिला सुचत नसावें; कोणी पंख्यानें वारा घालीत आहे. एवढाच भाग कापून घेतला तर हें मरणशय्येचें चित्र आहे असें कोणासहि वाटेल, आणि प्रतींतून व छापील पत्र्यांतून बहुधा एवढाच भाग कापून घेण्यांत आला. पण भिंतीवर तो कापलेला नाहीं. डावीकडे एक पुरुष उभा असून त्याच्या हातांत मुकुट आहे. हा मुकुट त्याचा स्वतःचा नव्हे. सेवकाला मुकुट कोठला? तो आणून दाखवीत आहे, आणि त्याच्या धन्यास आतां त्याची गरज उरलेली नाहीं, हेंच त्याचें सांगणें आहे. याच भिंतीवर पुढें नंदाचें मुंडन, त्याचें खिन्न होऊन बसणें, व बुद्धाबरोबर स्वर्गास जाणें हे प्रसंग आहेत. सबंध भिंत वाचली म्हणजे मंचकावरील स्त्री कोण हें सांगावें लागत नाहीं.

येथें एक पाठभेद नोंदण्यासारखा आहे. अश्वघोषाच्या सहाव्या सर्गांत सुंदरी पतीची वाट पाहते, प्रथम त्याच्यावर भलताच संशय घेते, आणि मग एक स्त्री तिला खरें वृत्त सांगते. तेथें वृत्त येतें तें शब्दानें. अजिंठ्याच्या भिंतीवर तें येतें मुकुटानें. चित्रकारानें शब्दाच्या ठिकाणीं वस्तु घातली, कारण भिंतीवरील पात्रांस बोलतां येत नाहीं, एवढेंच म्हणून हा भेद कोणी उडवून लावील. पण वस्तु तरी मुकुटच कां? अंगावरील शेला, हातांतील कंकण, कांहींहि चाललें असतें. आमच्या मतें याचें उत्तर अट्ठकथेंत आहे. त्या परंपरेप्रमाणें ज्या दिवशीं बुद्ध नंदाला घेऊन गेला, तो दिवस नंदाच्या अभिषेकाचा, गृहप्रवेशाचा व विवाहाचा मंगलदिवस होता. मुकुट मस्तकीं चढावयाचा त्याच दिवशीं मस्तक मुंडित झालें. हें ध्यानांत घेतलें म्हणजे सेवकाच्या हातचा तो मुकुट म्हणजे केवळ निरोप नव्हे. जें झालें व जें व्हावयाचें राहून गेलें, तें दोन्ही त्या एका वस्तूंत आहे. चिन्हानें अर्थ सांगण्याची रीति अलीकडील युरोपीय चित्रकारांनीं शोधून काढली असें समजणारांनीं हा मुकुट एकदां पाहावा. तात्पर्य, सोळाव्या लेण्याचा चित्रकार सौंदरनंद काव्य समोर ठेवून चित्र काढीत होता असें जें सरसकट म्हणण्यांत येतें तें आम्हांस मान्य नाहीं. स्त्रीचा विलाप त्यानें काव्याच्या वळणाचा रंगविला असेल. मुकुट मात्र दुसऱ्या शाखेंतून आलेला आहे.

काव्याचा संस्कार तेथें असणें स्वाभाविक होतें. हें लेणें वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव यानें पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोरविलें. ओवरीच्या बाहेर त्याचा संस्कृत पद्यलेख आहे. अजिंठ्याचे लेख डॉ. भाऊ दाजी यांनीं गेल्या शतकाच्या मागील शतकांत प्रथम विद्वानांपुढें ठेवले, आणि वाकाटकांच्या सर्व लेखांचें संपादन म. म. मिराशी यांनीं १९६३ सालीं केलें. त्या लेखाची भाषा विहाराची नसून दरबाराची आहे. गवाक्ष, वेदिका, देवकन्यांच्या प्रतिमा यांचें तींत कौतुक आहे. उलट मूलसर्वास्तिवादी विनयांत विहार कसा रंगवावा याची जी आज्ञा आहे, तिच्यांत बाह्यद्वारीं दंडधारी यक्ष, ओवरींत महाप्रातिहार्य व भवचक्र, पुढें जातकमाला, असा सगळा उपदेशाचा क्रम आहे. सतराव्या लेण्याच्या ओवरींत भवचक्राचा अवशेष आजहि पाहावयास मिळतो. सोळाव्या लेण्यांतील नंदाची भिंत या दोन वृत्तींच्या मध्यें उभी आहे. भिक्षूंच्या डोळ्यांसमोर वैराग्याची कथा मांडावयाची, आणि ती मांडतांना सर्व करुणा मागें राहिलेल्या स्त्रीला द्यावयाची! अश्वघोषानें काव्याच्या शेवटीं आपण कडू औषधांत मध मिसळला असें सांगून हात झटकले. अजिंठ्याच्या चित्रकारानें मध इतका घातला आहे कीं औषधाची चव लागते किंवा नाहीं याची शंका यावी. हा दोष असेल तर तो आम्हांस प्रिय आहे.

आमच्या गागोदें बुद्रुक या गांवीं एका वृद्ध गृहस्थांकडे या चित्राची एक जुनी छापील प्रत आहे; कोणा ग्रंथांतून सुटलेला पत्रा, खालीं इंग्रजी नांव. तीत सुदैवानें डावीकडचा पुरुषहि आलेला आहे. ते गृहस्थ इंग्रजी जाणत नाहींत. त्यांनीं आम्हांस एवढेंच विचारलें कीं, "गुरुजी, हा मुगुट कोणाचा?" नांव वाचतां येत नसल्यामुळें त्यांची दृष्टि सरळ जेथें जावयाची तेथें गेली. ज्यांस नांव वाचतां येत होतें ते सर्व मंचकाकडे पाहत राहिले. आणि या गांवास घर सोडून जाण्याची कथा परकी नाहीं. विनोबा भावे यांचा जन्म येथला, १८९५ चा. पहिलें महायुद्ध चालू असतां १९१६ च्या मार्चांत परीक्षेसाठीं म्हणून मुंबईस जाण्यास निघालेला हा तरुण सुरतेसच उतरून काशीस गेला आणि मागें फिरला नाहीं. त्यांचे दोघे भाऊहि पुढें त्याच वाटेनें गेले. नंदाला पात्र हातीं देऊन न्यावें लागलें, यांना कोणी नेलें नाहीं, हा भेद उघड आहे. पण घरीं राहिलेल्यांचा जो प्रश्न आहे तो दोन्हीकडे एकच, आणि वैराग्याचीं चरित्रें लिहिणारे तो बहुधा टाळतात. अजिंठ्याच्या चित्रकारानें टाळला नाहीं. ओघानें आलें म्हणून सांगतों, विनोबांनीं पुढें धम्मपदाच्या ४२३ गाथा नव्या क्रमानें लावून नवसंहिता सिद्ध केली. विचाराच्या दृष्टीनें तो क्रम उत्तम असेल. परंतु अट्ठकथेंतील कथा जुन्या क्रमाला बांधलेल्या आहेत. क्रम हालला कीं नंद आपल्या गाथांपासून सुटतो. भिंतीवरील एक तुकडा कापून त्याला वेगळें नांव दिल्यानें जें होतें तें याहून फार निराळें नाहीं.

आतां प्रतींकडे वळूं. अजिंठ्याचीं लेणीं मद्रास पलटणीच्या जॉन स्मिथ याच्या दृष्टीस पडलीं १८१९ च्या एप्रिलांत. फर्ग्युसनच्या १८४३ च्या निबंधानंतर कंपनी सरकारनें मद्रास पलटणीच्याच रॉबर्ट गिल यास चित्रांच्या नकला करण्यास नेमलें, आणि १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षें तो तेथें खपला. १८५७ ची धामधूमहि त्याच काळांत येऊन गेली. गिलच्या मोठाल्या तैलप्रती लंडनजवळ सिडनहॅमच्या काचमहालांत मांडल्या होत्या; १८६६ च्या डिसेंबरांतील आगींत त्यांतील बोटांवर मोजण्याइतक्या सोडून सर्व जळाल्या. आज लोकांस गिल आठवतो तो पारोच्या कथेमुळें, कामामुळें नव्हे, असो. १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचा ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह प्रतिवर्षीं जाऊन पुनः तेंच काम करीत होता. पेस्तनजी बमनजी, जगन्नाथ अनंत हे त्या विद्यार्थ्यांपैकीं. सुमारे तीनशें तैलप्रती तयार झाल्या, लंडनला साउथ केन्सिंग्टन येथें गेल्या, आणि १८८५ च्या जूनमध्यें तेथेंहि आग लागून शंभरावर नष्ट झाल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयांत आहेत आणि आतां त्यांचीं छायाचित्रें घरीं बसून पाहतां येतात.

ग्रिफिथ्सवर आमचा आक्षेप दोन प्रकारचा आहे, आणि दोन्ही वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला नांवाचा. पोथी उतरून घेणारा लेखक समासांत आपली टीप लिहितो. पुढील लेखक ती टीप मूळ ग्रंथांत घालतो. तिसऱ्या पिढीस ती ग्रंथकाराचीच वाटते. 'मरणोन्मुख राजकन्या' ही अशी समासांतील टीप आहे. ती घालणारानें चित्रावर मनापासून प्रेम केलें, एवढें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. भावनेच्या आविष्कारांत हें चित्र इटलीच्या थोर चित्रकारांस हार जाणारें नाहीं असा निर्वाळा त्यानें त्या काळीं दिला, जेव्हां हिंदी चित्रकलेला कोणी कला म्हणत नव्हतें. परंतु ज्या देशांत मरणशय्येचीं चित्रें दिवाणखान्यांत टांगण्याची आवड होती, त्या देशाचा तो मनुष्य. तेव्हां मान कललेली स्त्री दिसतांच त्याला दुसरें कांहीं सुचलें नाहीं. प्रक्षेप असा होतो. वाईट हेतूनें क्वचितच होतो.

दुसरा आक्षेप तेलाचा. अजिंठ्याची भिंत म्हणजे तूस व गवत मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर सरसांत कालवलेले रंग: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, चुन्याचा पांढरा, आणि दूर देशाहून आलेला लाजवर्दाचा निळा. तेथें प्रथम तांबडी रेघ, मग रंग, मग पुनः शेवटची ठाम रेघ. सर्व अर्थ त्या रेघेंत आहे. अंगाची गोलाई दाखविण्यासाठीं रंग गडद-फिका केलेला आहे. पण एका बाजूनें प्रकाश येऊन दुसऱ्या बाजूस सांवली पडली आहे, असें तेथें कोठेंच नाहीं. तैलरंगाचा स्वभाव याच्या अगदीं उलटा. तो चकाकतो, खोली दाखवितो, कडा विरघळवितो, आणि काळानें पिवळा पडून काळवंडतो. मुंबईच्या विद्यार्थ्यांनीं प्रामाणिकपणें नक्कल केली; तथापि त्यांच्या हातांत जो कुंचला होता त्याला अंधार काढण्याची संवय होती. परिणाम असा कीं ज्या भिंतीवर सुंदरी, दासी व मुकुट धरणारा पुरुष सारख्याच उजेडांत बसले-उभे आहेत, तीच भिंत कापडावर आल्यावर कांहीं पुढें व कांहीं मागें सरकले. मंचक उजेडांत आला, मुकुट बाजूस पडला. नांव चुकलें म्हणून चित्र तसें दिसूं लागलें, कीं चित्र तसें दिसलें म्हणून नांव चुकलें, हें ठरविणें कठीण आहे. दोघांनीं एकमेकांस हात दिला.

याहून गंभीर गोष्ट अशी कीं, नकला नीट उतराव्या म्हणून भिंतीवरील रंग उजळण्यासाठीं खुद्द मूळ चित्रांवरच रोगण चढविण्यांत आलें. एखाद्या संग्राहकानें अक्षरें स्पष्ट वाचतां यावीं म्हणून ताडपत्राच्या मूळ प्रतीलाच तेल फांसावें, तसा हा प्रकार. पुढें निजाम सरकारनें १९२० च्या सुमारास सेक्कोनी व ओर्सिनी या दोघां इटालियन तज्ज्ञांस आणून चित्रांची डागडुजी करविली. सुटलेला गिलावा त्यांनीं बसविला, तो टिकला, आणि त्याचें श्रेय त्यांस आहे. परंतु त्यांनीं वर लाखेचा जो थर दिला तोहि पिवळा पडला. त्यामुळें आज भिंत पाहणारा पांचव्या शतकाचे रंग पाहतों असें समजतो आणि पुष्कळदां पाहतो तें विसाव्या शतकाचें रोगण. म्हणून ग्रिफिथ्सची प्रत टाकून द्यावी असें मात्र नाहीं. नांव प्रक्षिप्त, प्रकाश प्रक्षिप्त, पण भिंतीचा जो कोपरा १८८० मध्यें शाबूत होता व आज नाहीं, त्यापुरती तीच प्रमाण. अशुद्ध प्रतींतहि एखादें शुद्ध पान उरतें हें आपणांपैकीं प्रत्येकास ठाऊक आहे.

तेल सोडून केलेल्या ज्या प्रती आहेत त्यांचें प्राक्तन महायुद्धांशीं विचित्र रीतीनें जोडलेलें आहे. लेडी हेरिंगहॅम यांनीं १९०९ ते १९११ च्या दोन हिवाळ्यांत नंदलाल बसु, असितकुमार हालदार, वेंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्त, तसेंच हैदराबादचे सय्यद अहमद व फजलुद्दीन यांना बरोबर घेऊन नकला केल्या. त्यांचा ग्रंथ लंडनच्या इंडिया सोसायटीनें काढला तो १९१५ सालीं, युरोप जळत असतांना. या नकलांत रेघेला तिचें स्थान परत मिळालें. नंदलालांच्या हातास तें वळण जन्मभर राहिलें. त्यानंतर जपानी चित्रकार आराइ काम्पो. रवींद्रनाथ १९१६ मध्यें जपानांत गेले असतां त्यांनीं त्याला कलकत्त्यास बोलाविलें, आणि १९१७-१८ च्या हिवाळ्यांत त्यानें सहकाऱ्यांसह अजिंठ्यास मुक्काम करून कागदावर प्रती घेतल्या. बौद्ध परंपरेंत वाढलेल्या व रेघ हेंच चित्र मानणाऱ्या हातांनीं केलेली ही पहिली नक्कल. ती तोकियोस नेली, आणि १९२३ च्या भूकंपाच्या आगींत ती भस्म झाली. सिडनहॅम, केन्सिंग्टन, तोकियो! मूळ भिंत दीड हजार वर्षें दरीच्या ओलाव्यांत, वटवाघळांत व धुरांत टिकली. तिच्या प्रती दोन राजनगरांत साठ वर्षांच्या आंत तीनदां जळाल्या.

आराइची हकीकत एवढ्यानें संपत नाहीं. १९४० मध्यें जपान सरकारनें नारा प्रांतांतील होर्युजी विहाराच्या सुवर्णमंदिरांतील भित्तिचित्रांच्या नकला करण्याचें काम हातीं घेतलें व एका तुकडीचें प्रमुखपण आराइकडे दिलें. त्या भिंतींवरील बोधिसत्त्वांचें अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीशीं नातें आहे हें जाणकार सांगत आले आहेत. आणि ज्यानें पहिल्या युद्धांत आजोबांचा चेहरा उतरून घेतला तोच दुसऱ्या युद्धांत नातवाचा उतरीत बसला. बाहेर शहरांवर बाँब पडत होते. १९४५ च्या एप्रिलांत काम अपुरें टाकून आराइ वारला. युद्धांतून विहार वांचला, आणि शांततेच्या काळांत, १९४९ च्या जानेवारींत, नकलांचें काम चालू असतांना सुवर्णमंदिरांतच आग लागून मूळ चित्रें करपून गेलीं.

त्या युद्धांत आपल्याकडे काय चाललें होतें याची आठवण येथें व्हावी. गांधीजींच्या सेवाग्रामांत एक जपानी भिक्षु राहत असे. पहांटे त्याचा पंख्यासारखा ढोल वाजे. १९४१ च्या डिसेंबरांत जपान युद्धांत पडतांच सरकारनें त्याला धरून नेलें. त्याचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेंत मात्र राहिला. पुण्यास भांडारकर मंदिरांत डॉ. सुखटणकर महाभारताच्या प्रती जुळवीत होते. आदिपर्व १९३३ मध्यें पुरें करून आरण्यकपर्व हातावेगळें केल्यावर १९४३ च्या जानेवारींत तेहि गेले. काम थांबलें नाहीं. १९६६ सालीं तें पुरें झालें.

होर्युजीवाल्यांनीं आगीनंतर जें केलें तें आमच्या मतें सुखटणकरी पद्धतीचेंच होय. क्योतोच्या छायाचित्रकारांनीं १९३५ मध्यें त्या भिंतींचीं मूळ मापाचीं छायाचित्रें घेऊन ठेवलीं होतीं. तीं व युद्धकाळांतील अपुऱ्या प्रती समोर ठेवून १९६७-६८ मध्यें चित्रकारांच्या नव्या तुकड्यांनीं तीं चित्रें पुनः उभीं केलीं. करपलेली मूळ भिंत त्यांनीं रंगविली नाहीं; ती जशीच्या तशी वेगळी जपून ठेवली. त्रुटित अक्षर भरून काढावयाचें, पण पोथीवर नव्हे, निराळ्या पानावर, हा नियम त्यांनीं पाळला.

अजिंठ्याच्या बाबतींत सामग्री याहून कमी नाहीं. ग्रिफिथ्सचे दोन खंड व उरलेले तैलपट आहेत. १९१५ चा हेरिंगहॅम-संग्रह आहे. औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचें १९३२ चें पुस्तक आहे. याझदानींचे १९३० ते १९५५ पर्यंत निघालेले चार भाग आहेत. आणि जर्मन पंडित श्लिंग्लॉफ यांनीं जन्मभर खपून प्रत्येक कथाचित्राचें रेखाचित्र व त्याचा ग्रंथाधार मांडून ठेवला आहे. श्लिंग्लॉफ यांचें काम मराठी वाचकापर्यंत आलेलें नाहीं, हें आपलें दैन्य. नंदाची एकच भिंत घेऊन तिच्या या सर्व प्रती, खालीं पालि कथा, सौंदरनंदाचे संबंधित सर्ग व त्यांचें मराठी भाषांतर, असें एक पुस्तक या मंडळासारख्या संस्थेस सहज काढतां येईल. पाने शंभराच्या वर जाणार नाहींत.

याला एक व्यावहारिक अडचण आहे व ती आपल्याच हातची आहे. ग्रिफिथ्स, हेरिंगहॅम व याझदानी यांचे मोठाले पत्रे जुन्या संग्रहांतून सुटे होऊन चौकटींत बसतात, आणि चौकट बसविणारा सुतार समास कापून टाकतो. समासांत पत्र्याचा क्रमांक, लेण्याचा क्रमांक व कोणती भिंत हें छापलेलें असतें. तें गेलें म्हणजे पत्रा म्हणजे केवळ एक सुंदर स्त्री उरते. कुड्याच्या लेण्यांत लेखक, माळी व लोखंडाचा व्यापारी यांनीं दिलेल्या दानांचे लेख आहेत; ते जागेवर आहेत म्हणूनच कोणत्या दात्यानें कोणतें लेणें दिलें हें आपण सांगूं शकतों. ज्यांच्याजवळ असे पत्रे असतील त्यांनीं समास कापूं नये, कापलेला असल्यास मागील बाजूस पेन्सिलीनें क्रमांक लिहून ठेवावा, आणि सोळाव्या लेण्याच्या या पत्र्यावर जुन्या नांवाशेजारीं 'सुंदरीस नंदाचा मुकुट दाखवितात' एवढे चार शब्द लिहावे. जुनें नांव खोडूं नये. प्रक्षेपहि नोंदलेला असावा लागतो.